मळणी यंत्र, दाळमिल मशिनरी, लेथ वर्कशॉप : एनआयसी कोड आणि उद्यम नोंदणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोंढ्यात गाडी लागली की आडत्याचा पहिला प्रश्न असतो, "काय माल आणला?" गाव कोणतं, गाडी कुणाची, हे मागून. उद्यम नोंदणीच्या, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या, फॉर्मवरचा एनआयसी कोडही तेवढंच विचारतो. पण फॉर्म भरणारा माणूस तिथं दुकानाचं नाव सांगतो, गिऱ्हाईक सांगतो, कधी वडिलांचा धंदा सांगतो, आणि कोड चुकतो.

परभणी जिल्ह्यात माझं शेती अवजारांचं छोटं वर्कशॉप आहे. आसपासचे वेल्डिंगवाले, लेथवाले फॉर्म भरायच्या आधी चहाला येतात, त्यांच्याशी बोलताना हे प्रश्न जमत गेले.

एनआयसी कोड म्हणजे नेमकं काय?

राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण. देशात जे जे धंदे चालतात त्यांची केंद्रीय सांख्यिकी संघटनेने केलेली मांडणी. उद्यम नोंदणीत वापरतात ती २००८ ची आवृत्ती, आणि ती संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीवर बेतलेली आहे.

ए पासून यू पर्यंत २१ विभाग आहेत. उत्पादनाचा विभाग सी, त्यात १० ते ३३ हे दोन अंकी गट. २८ म्हणजे यंत्रसामग्री. पुढे एकेक अंक वाढेल तसा धंदा नेमका होत जातो: २८२ म्हणजे विशिष्ट कामाची यंत्रं, २८२१ म्हणजे शेती आणि वनीकरणाची यंत्रं. पाचवा अंक आणखी बारकावा सांगतो. फॉर्मवर पाच अंकांपर्यंत जावं लागतं, पण डोकं लावायचं ते चौथ्या अंकापर्यंत. तिथवर बरोबर आलात तर पाचव्या अंकाचे चार-सहा पर्याय समोर दिसतात, वाचून निवडता येतात.

कोड म्हणजे परवाना नव्हे. २८२१ टाकला म्हणून ट्रॅक्टर बनवायची परवानगी मिळत नाही आणि नाही टाकला म्हणून कुणी वेल्डिंग बंद करत नाही. पण बँक, अनुदान योजना आणि जिल्हा उद्योग केंद्र तुमच्याकडे कोणत्या चष्म्यातून बघतील, ते बऱ्याच अंशी त्यावरून ठरतं.

माझा कोड कसा ओळखू?

गेटबाहेर उभे राहा आणि बघा, गाडीत भरून काय जातंय. त्या वस्तूचं नाव म्हणजे तुमचा कोड. आत काय येतं याला महत्त्व नाही: अँगल, चॅनल, पत्रा तर सगळ्यांकडेच येतो. पण त्याच पत्र्यातून एकजण शेडच्या छताची लोखंडी कैची बनवतो, दुसरा पाण्याची टाकी, तिसरा मळणी यंत्र. कैची २५११ मध्ये, टाकी २५१२ मध्ये, मळणी यंत्र २८२१ मध्ये. तिघांची दुकानं एका ओळीत असतील, तिघांचं वेल्डिंग मशीन एकाच कंपनीचं असेल, तरी कोड तीन.

गिऱ्हाईक शेतकरी आहे म्हणून धंदा शेतीचा होत नाही. विहिरीवरचा पंप शेतकरीच घेतो, पण पंप बनवणारा २८१३ मध्ये बसतो, कारण पंप हे सर्वसाधारण यंत्र. तोच पंप नगरपालिकेलाही जातो.

मग शेतीची सगळी यंत्रं २८२१ मध्ये नाहीत का?

नाहीत, आणि सगळ्यात जास्त गफलत इथंच होते. नांगर, पेरणी यंत्र, कुळव, फवारणी यंत्र, कापणी-मळणीची यंत्रं, कडबा कुट्टी, दूध काढायची मशीन, कुक्कुटपालनाची यंत्रं, हे सगळं २८२१. अंडी किंवा फळं स्वच्छ करून त्यांची प्रत लावणारी मशीनही इथंच.

पण धान्य, बियाणं किंवा वाळलेल्या कडधान्याची चाळणी-प्रतवारी करणारी मशीन? ती २८२५ मध्ये, म्हणजे खाद्यप्रक्रियेच्या यंत्रांत. फळाची प्रतवारी शेतीत आणि तुरीची प्रतवारी खाद्यप्रक्रियेत. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं, पण वर्गीकरणाच्या पुस्तकात तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. जालना हे बियाणं कंपन्यांचं गाव, तिथं सीड ग्रेडर बनवणाऱ्याने हे आधी वाचावं. दुधातून साय वेगळी करणारं यंत्रही २८२५.

पोती किंवा धान्य वर चढवणारा कन्व्हेयर शेतात वापरला तरी २८१६, माल हलवण्याच्या यंत्रांत. हातात धरायचं खुरपं, विळा, कुदळ २५९३, कारण ती हत्यारं. ट्रॉलीचं दोन ठिकाणी विभागलं आहे: स्वतः माल भरणारी किंवा रिकामी करणारी शेतीची ट्रॉली २८२१, रस्त्यावर माल वाहण्यासाठीचा ट्रेलर २९२०. जिनिंगची मशीन कापसाची म्हणून शेतीत शोधाल तर सापडणार नाही. ती कापड उद्योगाच्या यंत्रांत आहे, २८२६.

मी दाळमिल टाकतोय. यंत्राचा कोड टाकू का?

तुम्ही दाळमिल *टाकताय* की दाळमिलच्या मशिनी *बनवताय*? लातूर-उदगीरकडे दोन्ही धंदे आहेत आणि दोन्ही मालक स्वतःला "दाळमिलवाले"च म्हणवतात. दाळ बाहेर जात असेल तर १०६१, धान्य दळण-भरडणाचा गट. दाळ करायचं यंत्र बाहेर जात असेल तर २८२५.

हेच साखरेचं. साखर किंवा गूळ बनवणारा १०७२, कारखान्याला लागणारी साखरेची यंत्रं बनवणारा २८२५. तेलघाण्याची मशीन बनवणाराही २८२५. जिनिंग करणाऱ्याची गंमत तर आणखी वेगळी. सरकी काढून रुई करणं हे कारखान्यात चालतं, मोठाल्या मशिनींवर चालतं, पण वर्गीकरणात ते ०१६३ मध्ये आहे, सुगीनंतरच्या शेतीकामात. उत्पादनाच्या विभागात नाहीच.

वाळूजला जॉबवर्क करतो. टर्निंग, मिलिंग, ड्रिलिंग. आमचा काही माल नाही, कोड कोणता?

दुसऱ्याच्या धातूवर मोबदला घेऊन मशीनिंग करणं २५९२ मध्ये येतं. प्लेटिंग, कोटिंगही तिथंच. हे उत्पादनच धरलं जातं, माल तुमचा नसला तरी.

मात्र जीएसटीचा हिशेब उलटा. तिथं दुसऱ्याच्या मालावर केलेलं जॉबवर्क म्हणजे सेवा, आणि बिलावर सेवांचा ९९८८ हा कोड लागतो. एकच माणूस, एकच लेथ, उद्यमवर उत्पादक आणि जीएसटीत सेवा पुरवणारा. यात विसंगती काही नाही, दोन खात्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. पण बँकेचा अधिकारी दोन्ही कागद शेजारी ठेवून "हे काय?" विचारतो, तेव्हा उत्तर तयार असावं.

तुम्ही स्वतः माल घेऊन पूर्ण पार्ट बनवत असाल तर तो पार्ट कशाला लागतो ते बघा. मोटारगाडीचा पार्ट २९३०. दुचाकीचा पार्ट ३०९१, कारण मोटारसायकल आणि तिचे सुटे भाग या वर्गीकरणात चारचाकीच्या गटात नाहीतच. वाळूजचं निम्मं पोट दुचाकीवर, आणि तरी सरसकट २९३० टाकलेली प्रमाणपत्रं मी ढिगानं पाहिली आहेत. प्रेस टूल, डाय, मोल्ड बनवणाऱ्यांनी २५९३ बघावा. खास एखाद्या यंत्रासाठीच बनणारा सुटा भाग साधारणपणे त्या यंत्राच्याच वर्गात जातो. गिअर, बेअरिंग मात्र २८१४, ते कुठंही बसोत.

दुरुस्ती पण करतो, बनवतो पण. कोणता धरायचा?

इथं माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी कर्जाचा अर्ज भरताना फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रावरच्या पोराने विचारलं, "काका, काम काय?" मी म्हणालो, "वेल्डिंगचं दुकान, दुरुस्ती करतो, अवजारं बनवतो." त्याने पहिलं ऐकलं ते लिहिलं. यंत्रांची दुरुस्ती ३३१२ मध्ये येते. प्रकल्प अहवालातही तेच आलं, आणि बँकेत साहेब म्हणाले की हा तर सेवा प्रकल्प, मर्यादा सेवेची लागेल. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात तेव्हा उत्पादनाला २५ लाख आणि सेवेला १० लाखांची मर्यादा होती. २०२२ पासून ती ५० आणि २० लाख झाली. माझा प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवायचं मशीन, त्या फरकात अडकला. अहवाल नव्याने करून पुन्हा रांगेत उभं राहिलो, तोवर सुगी निघून गेली. पोराची चूक नव्हती, मीच दुरुस्ती आधी बोललो.

म्हणून उत्तर असं: ज्या कामातून जास्त मूल्य तयार होतं ते मुख्य. नुसता गल्ला बघू नका, माल-खर्च वजा जाता काय उरतं ते बघा. दुरुस्ती जोडधंदा असेल तर ३३१२ दुसरा कोड म्हणून खाली टाका. मोटार रिवाइंडिंग असेल तर तो आणखी वेगळा, ३३१४, विद्युत उपकरणांची दुरुस्ती. जुनं मशीन पार सांगाड्यापर्यंत खोलून नव्यासारखं उभं करत असाल तर ते दुरुस्तीत न जाता उत्पादनात धरलं जातं.

मी बनवत नाही, बनवून घेतो आणि माझं नाव लावतो. मी उत्पादक का?

लोखंड कुणाचं, यावर आहे. कच्चा माल तुम्ही विकत घेऊन दुसऱ्याकडून घडवून घेत असाल तर वर्गीकरण तुम्हाला उत्पादक धरतं. तयार माल घेऊन फक्त स्टिकर लावत असाल तर तुम्ही व्यापारी, शेती यंत्रांच्या घाऊक विक्रीचा कोड ४६५३. व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली झाली, पण फायदा प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरताच.

हार्वेस्टर भाड्याने देतो. हे कुठं बसतं?

ड्रायव्हरसकट देत असाल तर ०१६१, शेतीच्या पूरक सेवा. नुसतं यंत्र देत असाल तर ७७३०.

उद्यम नोंदणीला काय काय लागतं? किती पैसे?

पैसे शून्य. हे दोनदा वाचा. पोर्टल सरकारी आहे, पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असतं. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं दोन-तीन हजार घेतात आणि तोच फॉर्म तुमच्या वतीने भरतात. केंद्रवाल्याला त्याच्या मेहनतीचे शे-दोनशे द्यायला हरकत नाही, पण ती सरकारी फी नव्हे.

मालकाचा आधार, आधारला जोडलेला मोबाइल, पॅन, आणि कायद्याने लागू असेल तर जीएसटी क्रमांक. भागीदारी असेल तर व्यवस्थापकीय भागीदाराचा आधार, हिंदू अविभक्त कुटुंबात कर्त्याचा. कागद काहीच चढवायचा नसतो, सगळं स्वयंघोषणेवर. हे पोर्टल १ जुलै २०२० ला सुरू झालं, त्याआधीचं उद्योग आधार आता चालत नाही. प्रमाणपत्राला मुदत नाही, नूतनीकरण नाही. "तुमचं उद्यम संपलंय" असा फोन आला तर ठेवून द्या.

दोन ठिकाणी वर्कशॉप आहेत. दोन नोंदण्या?

एकच. एका उद्योगाला एकच उद्यम क्रमांक. चिकलठाण्याचं आणि पैठणचं युनिट एकाच फॉर्ममध्ये स्वतंत्र पत्त्यांनी येतं. कोडही एकाहून जास्त टाकता येतात, उत्पादन आणि सेवा दोन्ही. पण "असू दे, पुढे लागेल" म्हणून पंधरा कोड भरू नका. प्रमाणपत्रावर मळणी यंत्र, टाइल्स, बेकरी आणि जाहिरात संस्था एकाखाली एक छापून आलं की समोरच्याला कळतं, यातलं एकही धड चालत नसेल.

सूक्ष्म, लघु, मध्यम कसं ठरतं?

१ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या. सूक्ष्म: यंत्रसामग्रीत २.५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल. लघु: २५ कोटी आणि १०० कोटी. मध्यम: १२५ कोटी आणि ५०० कोटी. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. एक जरी ओलांडली तरी वरचा वर्ग. जागा, इमारत, फर्निचर गुंतवणुकीत धरत नाहीत आणि निर्यात उलाढालीतून वजा होते. आकडे आयकर आणि जीएसटीच्या नोंदींतून आपोआप ओढले जातात, म्हणून फॉर्मवर एक आणि रिटर्नमध्ये दुसरं, हे फार दिवस टिकत नाही. एकाच पॅनवरची सगळी युनिटं एकत्र मोजतात.

मराठवाड्यातली बहुतेक वर्कशॉपं सूक्ष्मच आहेत. या प्रश्नावर झोप घालवू नका.

एनआयसी आणि एचएसएन एकच ना?

एनआयसी धंद्याचा, एचएसएन मालाचा. नोंदणीत पहिला, बिलावर दुसरा. जमीन तयार करायची यंत्रं ८४३२, कापणी-मळणीची ८४३३, कडबा कुट्टी ८४३६, बियाणं-धान्य साफ करायची आणि दळणाची ८४३७, पंप ८४१३. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर चार अंक पुरतात, वर गेली की सहा.

कराचा दर एचएसएनवर ठरतो, एनआयसीवर कधीच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेरणी-मशागत, कापणी-मळणीच्या यंत्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. कच्च्या लोखंडावर १८ भरायचे आणि विक्रीवर ५ घ्यायचे, म्हणजे जमा कर साठत जातो. परताव्याचं गणित सीएकडून समजून घ्या.

आयकर विवरणपत्रात व्यवसायाचे कोड आणखी वेगळे असतात. आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर तिच्या २१ अक्षरी ओळख क्रमांकात पहिल्या अक्षरानंतरचे पाच अंक उद्योगाचे असतात. कंपनी काढताना घाईत भलताच कोड गेला तर तो नावाइतकाच अंगाला चिकटतो.

जीएसटी नोंदणी लगेच काढू का?

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वार्षिक ४० लाखांपर्यंत सक्ती नाही, सेवेला २० लाख. पण बिदर, निजामाबाद, आदिलाबादला माल पाठवायचा असेल तर राज्याची हद्द ओलांडली, मग पहिल्या बिलापासून नोंदणी. नांदेड, देगलूर, उदगीरच्या लोकांनी हे ध्यानात ठेवावं, हद्द तिथं हाकेवर आहे.

उद्यम झालं. आता सुरू करू?

जरा थांबा. वीज आधी बघा. शेतीपंपाच्या जोडणीवर वेल्डिंग मशीन चालवणं म्हणजे विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर. महावितरणकडून औद्योगिक जोडणीच घ्या. जमीन शेतीची असेल तर अकृषिक वापराचा प्रश्न तहसीलला सोडवा, शेड उभी राहिल्यावर नव्हे.

प्रदूषण मंडळाची संमती उद्योगाला दिलेल्या रंगावर असते: लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा वगैरे. नुसतं कापणं-जोडणं असेल तर त्रास कमी. इलेक्ट्रोप्लेटिंग किंवा ॲसिडने गंज काढणं आलं की लाल. म्हणून बरेच जण ते काम बाहेरून करून घेतात, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं.

वीज वापरून २० कामगार झाले की कारखाना म्हणून नोंद, विजेविना ४०. कर्मचारी विमा १० ला, भविष्यनिधी २० ला. बारा माणसं असताना "आपण तर छोटे" म्हणू नका.

माझं यंत्र शेतकऱ्यांच्या अनुदानात कसं येईल?

उद्यम प्रमाणपत्र तिथं पुरत नाही. महाडीबीटीवरून अनुदान घेणारा शेतकरी तपासणी अहवाल असलेलं यंत्रच घेऊ शकतो. मान्यताप्राप्त केंद्रात यंत्र तपासून घ्यावं लागतं. मध्य प्रदेशातल्या बुधनीला केंद्र सरकारची जुनी संस्था आहे. तपासणीला वेळ लागतो, पेरणीच्या तोंडावर धावपळ करून काही होत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने विकसित केलेली अवजारं बनवायची असतील तर तिथल्या अभियांत्रिकी विभागाशी बोला. आपल्या काळ्या मातीचा आणि सोयाबीन-तुरीच्या ओळींचा विचार तिथं आधीच झालेला असतो.

मोठी कंपनी बिल थकवते. उद्यमचा उपयोग?

आहे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर होते आणि सुलभीकरण परिषदेकडे जाते. अट एवढीच की नोंदणी व्यवहाराच्या आधीची असावी; भांडण लागल्यावर काढलेल्या प्रमाणपत्रावर वकील पहिलं बोट ठेवतो. बिलावर उद्यम क्रमांक छापून ठेवा. माझ्या एका शेजाऱ्याला तेवढ्यावरच फोन आला, "साहेब, चेक तयार आहे."

चुकीचा कोड पडला. आता?

बदलता येतो, फुकट. त्याच पोर्टलवर अद्ययावत करायचा पर्याय आहे, आधारवर ओटीपी येतो, जुना कोड काढा, नवा टाका. उद्यम क्रमांक तोच राहतो. कर्ज मंजुरीच्या मधोमध बदलू नका, नाहीतर बँक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करते.

एवढं वाचूनही कळलं नाही तर कुठं जाऊ?

जिल्हा उद्योग केंद्रात. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आहे, सल्ला फुकट. संभाजीनगरला मासिआ आणि सीएमआयए या उद्योजकांच्या संघटना आहेत, चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम, टूल आणि डायच्या कामाचं तिथं पक्कं कळतं. जाताना प्रमाणपत्र न्याच, पण मागच्या महिन्याची दहा बिलंही घेऊन जा. साहेब ती चाळतील आणि कोड तिथल्या तिथं सांगतील.